झाकण उघडून बघणारा भास्कर

भास्कर खोली बघायला आला तेव्हा त्यानं खोली बघितलीच नाही. दारातच खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, लाइटच्या बोर्डाचं झाकण उघडलं, आत डोकावला आणि म्हणाला, "काका, अर्थिंग जोडलेलंच नाही की."

मी म्हणालो, "खोली घ्याया आलायस का बोर्ड?"

तो हसला, अर्थिंग जोडून दिलं आणि चार वर्षं राहिला.

माण गावातली आमची भाताची खाचरं कंपन्यांखाली गेली. उरल्या तुकड्यावर मी सहा खोल्या बांधल्या आणि कंपनीतल्याच माणसांना भाड्यानं दिल्या. भास्कर परभणीकडचा. तिशी ओलांडलेली, टक्कल पडायला लागलेलं. दोन हजार सात-आठची गोष्ट असेल. मी चौथी शिकलेला, त्याचं काम मला काय कळणार. पण समजावल्याशिवाय तो सोडायचा नाही. कॉम्प्युटरवर लोक इंटरनेटची जी पानं बघतात ती हा बांधायचा. बांधलेलं कुठं उसवलंय ते शोधायला ब्राउझरला एक अवजार जोडावं लागतं, त्याला म्हणायचं प्लगइन. ते चालू केलं की पानाची आतली बाजू दिसते.

आमच्या हौसानं, म्हणजे माझ्या बायकोनं, ते एकदा नीट बघितलं. म्हणाली, "ही तर गोधडीची उलटी बाजू. समद्या गाठी हितं दिसत्यात."

"मावशी, उद्यापासून ऑफिसात या तुम्ही," भास्कर म्हणाला. "आमच्या साहेबाला हे अजून कळलं नाही."

ऑफिसात त्याचं भांडण चाललं होतं ते ह्याच अवजारावरून. कंपनीनं विकतचं आणलं होतं, तीन जणांपुरतं, आणि काम करणारे नऊ. सहा जण चहा पीत बसायचे. वर ते बिघडलं तर आत काय झालंय हे बघायची मनाई. भास्करनं दुसरं शोधलं. जगातल्या कुणीकुणी मिळून केलेलं, फुकट, आणि आतून सगळं उघडं. त्यात एक गोष्ट कमी पडत होती. ती तो दर रविवारी आमच्या ओट्यावर बसून स्वतः करायचा.

"झाकण उघडू देत नाही ती वस्तू आपली नसते, काका," हे त्याचं ठरलेलं वाक्य. "तिच्या घरी आपण पाव्हणे."

मी विचारलं, "आन् पुरं झालं की इकनार कुनाला?"

"विकायचं नाही. सगळ्यांपुढं ठेवून द्यायलोय. ज्याला पाहिजे त्यानं न्यावं, पाहिजे तसं बदलावं. अट एकच, त्यानं पुढच्याला अडवायचं नाही."

"म्हंजी फुकट राबतुयास. शिकल्यालं येडं बघायचं ऱ्हायलं हुतं, ते भाडेकरू म्हणून आलं."

आतून हौसा म्हणाली, "आवं, मी विरजणाचं कुणाकडनं काय घेतलंय का आजवर?"

तिचं विरजण माले गावाहून आलेलं, तिच्या माहेराहून, लग्नाच्या वेळी. रोज दुधाला चमचाभर लावायचं आणि लागलेल्या दह्यातलंच उद्यासाठी राखायचं. असं चाळीस वर्षं चाललं होतं. सहाही खोल्यांत तेच दही लागायचं. भास्करनं नेलं आणि ऑफिसातही वाटलं.

एका दुपारी गेलेली लाइट आली ती अशी आली की त्याचं कॉम्प्युटरचं मशीन जळलं. चार महिन्यांचे रविवार आत होते. मी म्हणालो, "तुझं अर्थिंग कुटं गेलं रं?" आणि लगेच जीभ चावली. पण तो ताकाचा पेला संपवून म्हणाला, "मशीन गेलं काका, काम नाही गेलं. दर रविवारी केलं तेवढं पाठवत होतो, ते लोकांकडं आहे."

"ज्यानं न्हेलं त्यो कशाला परत दील?"

तो दुसऱ्या दिवशी ऑफिसातून नाचतच आला. पोलंडच्या कुणा माणसाकडं सगळं जसंच्या तसं होतं, उलट भास्करची एक चूक त्यानं दुरुस्त केली होती. "पोरगं मामाच्या गावाला गेलं काका, आणि दोन किलो वाढून आलं."

मला ते पटलं नाही. आपलं ते आपल्या घरात असावं, असं माझं मत.

पुढं त्यानं भुकूमला फ्लॅट घेतला. जाताना माझ्या सगळ्या बोर्डांची झाकणं पुन्हा एकदा उघडून बघितली.

मग हौसा गेली. ताप आला आणि आठ दिवसांत गेली. तेराव्यापर्यंत घर भावकीच्या हातात होतं. कुणीतरी चांगुलपणानं दह्याचं भांडं घासून पालथं घातलं. ते पालथं भांडं बघून मी जो रडलो, तेवढा स्मशानातही रडलो नव्हतो. खोल्यांमध्ये सगळी नवी माणसं, पिशवीतलं दही खाणारी. मी दुकानातून आणलं, ते घशाखाली उतरेना.

भास्कर भेटायला आला तेव्हा मी एवढंच बोललो, "तिचं लुगडं हाय, डोरलं हाय. विरजण गेलं."

त्यानं मान खाली घातली. "माझंही गेलं काका. गावाकडं पंधरा दिवस होतो, नासलं." चहा न घेताच उठला. मला वाटलं, ह्याला बसवेना.

चौथ्या दिवशी गाडीवरून आला. हातात स्टीलचा डबा. माझ्यापुढं धरून म्हणाला, "काका, झाकण उघडा."

आत दही होतं. त्याच्या ऑफिसातल्या रेखानं हौसाचं विरजण नेलं होतं. तिच्याकडचं संपलं होतं, पण तिनं ते शेजारणीला दिलं होतं, आणि शेजारणीनं एक दिवस न चुकवता राखलं होतं. भास्कर दारोदार विचारत तिथवर गेला होता.

मी बोटानं चाटून बघितलं. खोटं कशाला बोलू, हौसाच्या दह्याहून घट्ट होतं. आधी मला तिच्या वतीनं राग आला. मग मागून तीच ओळखीची आंबटसर चव आली आणि मी पुन्हा बोट बुडवलं. भास्कर पंख्याच्या बटणाचं झाकण उघडून बघत राहिला.

आता तो बंगळुरात असतो. फोन आला की पहिलं विचारतो, "लागायलंय का?" मी म्हणतो, "लागतंय."

परवा तीन नंबरच्या खोलीतली नवी मुलगी वाटी घेऊन आली. मी विरजण दिलं. ती म्हणाली, "किती दिवस टिकतं हो, काका?"

मी म्हणालो, "एकटीच ठिवशील तर काय सांगता येत न्हाई, पोरी."