नाचणाच्या घरट्यावरची पानं

ती पाच पानं मी कापली. घरातल्या कात्रीने, नीट देठापासून. हे आजवर कोणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

धामापूरला आमच्या शेजारी काकी एकटीच राहते. तिच्या परसातल्या रातांब्याच्या झाडावर नाचणाने घरटं केलं होतं. वाटीएवढं, कोळिष्टकांनी लिंपलेलं, माझ्या छातीच्या उंचीवर. शेपटीचा पंखा उघडून, शीळ घालत तो इवलासा पक्षी पिल्लांना भरवायचा. रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी मी तिथे कॅमेरा लावून बसायचो. काकी चहा आणून द्यायची.

फोटो मी आमच्या ग्रुपवर टाकायचो. तिथे एकमेकांच्या फोटोंतल्या चुका काढायची पद्धत. काढणारे कोण, तर बंदुकीसारख्या लेन्स गळ्यात अडकवून फिरणारे, ज्यांना पक्ष्याची शीळ ओळखता येत नाही पण त्याच्या डोळ्यात प्रकाशाचा ठिपका नसला की लगेच कळतं. एकाने लिहिलं, पानं फार नडतात. दुसऱ्याने लिहिलं, घरटं मोकळं दिसायला हवं. मोकळं! घरटं म्हणजे काय दुकानाची काच? पण तेव्हा हे मला सुचलं नाही. मला त्यांची शाबासकी हवी होती. त्यांच्याहून हलका माणूस मीच.

पानं कापली. फोटो स्वच्छ आला. ग्रुपवर वाहवा झाली, ‘शिकण्याची तयारी असावी तर अशी’ असंही कोणीतरी लिहिलं. तो निरोप मी तीनदा वाचला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कावळा आला. पानांच्या आड जे इतके दिवस त्याला दिसलं नव्हतं, ते मी त्याच्यापुढे उघडं करून ठेवलं होतं. मी दहा हातांवर होतो. हाड म्हटलं असतं तरी उडाला असता. मी म्हटलं नाही. कॅमेऱ्याच्या बटणावरचं बोट उचललं नाही. दोन्ही पिल्लं गेली तेव्हा माझ्याकडे चाळीसेक फोटो होते. ते मात्र ग्रुपवर टाकले नाहीत. तेवढी अक्कल होती.

काकी चहा घेऊन आली. रिकाम्या घरट्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, “माझ्याच मांजरान खाल्ल्यान मां रे? तू बघतंस रोज, तुका म्हायत आसतला.”

मी कॅमेरा पिशवीत घालत होतो. “खाल्ल्यान आसतला, काकी. मांजराचो काय भरवसो?”

आठ वर्षं तिच्या पायाशी झोपणारं ते मांजर होतं. त्याच आठवड्यात तिने ते पिशवीत घातलं, एसटीने मसुऱ्याला बहिणीकडे नेऊन सोडलं. आल्यावर मला सांगितलं, वाटभर ओरडत होतं. मी मान हलवली. माझ्यासारखी माणसं मान फार छान हलवतात.

त्याला दोन वर्षं झाली. मांजराच्या वाटची बांगड्याची डोकी काकी आता परसात कावळ्यांना घालते. अजून मला चहा देते, पक्ष्यांचं विचारते, आणि मी पितो.

मांजराने काही केलं नव्हतं हे काकीला तिच्यासमोर बसून सांगणं, आणि मसुऱ्याला जाऊन ते परत आणून देणं, एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.