अक्कांना पटलेला शेवट

माझी बायको कादंबऱ्या लिहिते आणि मी स्वयंपाक करतो. आमच्या पाथर्डीत दोन्ही गोष्टींची सारखीच चेष्टा होते. तिची कादंबरी छापायला जाण्याआधी अक्कांपुढे वाचली जाते. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. त्यांना लिहितावाचता येत नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास कोपरगावकडची ऊसतोड आटोपली की त्या जीपमधून उतरून आधी आमच्याकडे येतात.

ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला कोयता म्हणतात, आणि मुकादमाला जोडीच हवी असते. त्यापायी अक्कांचं लग्न तेराव्या वर्षीच उरकलं. माझी बायको तेव्हा फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहून धाकटी भावंडं सांभाळायची, भाकऱ्या थापायची. लग्नात पुढचा नंबर तिचाच होता. पण अक्का आईपुढे हटून बसल्या, "माजं झालं ते झालं. हिला साळंत घाला, हिच्या वाटचं काम मी करते." आणि केलं.

म्हणून बायकोच्या प्रत्येक कादंबरीत कोवळ्या पोरीचं लग्न ठरतं आणि मोडतं. समीक्षक नाकं मुरडतात, असं कुठं घडतं म्हणतात. यंदा तिने त्यांचं ऐकलं आणि नायिकेला बोहल्यावर चढवलं. प्रकरण इतकं झकास उतरलं होतं की मीसुद्धा वाहवा केली.

अक्का ज्वारी निवडत ऐकत होत्या. शेवट आला तसे हात थांबले.

"सोडवली न्हाई व्हय हिला?"

"अक्का, खरं असंच असतं ना."

"खरं मला नको सांगू. माजं झालंच की त्ये. ही तर तुज्या हातात हुती!"

बायकोचा चेहरा पडला. मग ती कागद घेऊन उंबऱ्यात बसली आणि लिहीत राहिली. गावाकडे जाणारी संध्याकाळची जीप अक्कांनी सोडून दिली. मी पिठलं केलं. अशी बायको आणि अशी मेहुणी मिळाली याचा मला अभिमान वाटतो, हे एकदा स्पष्टच सांगतो.

जेवणाआधी तिने नवा शेवट वाचला. पोर मांडवातून उठते आणि शाळेची वाट धरते. समीक्षक पुन्हा नाकं मुरडतील. मुरडू देत.

"आता कसं!" अक्कांनी सूप पुढे ओढलं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पुढं किती शिकली गं ती?"

बायको म्हणाली, "तू शिकवलंस तेवढी."