उद्धवरावांच्या नावाचे पेले

आमच्या खटकचिंचोळीत कुणाचंही बारसं असो, खतांचे दुकानदार उद्धवराव चांदीचा पेला घेऊन हजर. चांदीच्या पेल्यानं दूध पाजलं की लेकरू तेजस्वी होतं, हे ते पाळण्याजवळ नाही, माईकजवळ उभं राहून सांगायचे. लेकराचं नाव त्या दिवशीच ठेवायचं असल्यानं ते पेल्यावर घालता येत नसे. म्हणून हे स्वतःचंच घालायचे, ठळक अक्षरांत: 'उद्धवराव यांजकडून सप्रेम भेट'.

परवा त्यांच्या नातवाचं बारसं झालं. अख्खं गाव चकचकीत कागदात पेले बांधून घेऊन आलं. उद्धवरावांची छाती फुगली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोनं, नागूबाईंनी, कागद सोडून पेले चिंचेनं घासायला घेतले. एकेकाचं पितळ उघडं पडायला लागलं. उद्धवराव झोपाळ्यावरूनच ओरडले, "लोकान्ला लाज हाय का न्हाई? बारशाला कामून खोटी चांदी द्यायलेत? कोण हाय त्यो, नाव सांग!"

नागूबाईंनी ओला पेला त्यांच्या नाकासमोर धरला. "नाव घातलेलंच हाय की. वाचा."

एकोणीस पेले, नाव एकच. त्यातला एक आमच्या घरचा. आम्ही तो पहिल्याच आठवड्यात घासला होता.