धागो कधी तुटलो?

माझ्या बायकोच्या मामांच्या हाती लागलेली एकही वस्तू आजवर न उघडता सुटलेली नाही. मिक्सर, कुकरची शिट्टी, डॉक्टरांच्या दवाखान्यातली करकरणारी खुर्ची, शेजारच्या आजोबांचं कानातलं यंत्र, सगळं मामांनी उघडून पाहिलं आहे आणि बहुतेक सगळं पुन्हा बंदही केलं आहे. आमच्या लग्नात बोहल्यावरचा पंखा टकटक करत होता. चौथ्या मंगलाष्टकाला मामांना ते असह्य झालं. त्यांनी पंखा बंद केला आणि स्टूल मागवलं. उरलेली मंगलाष्टकं आम्ही दोघांनी घामाने निथळत ऐकली. शेवटच्या अक्षता पडायच्या आत पंखा सुरू झाला आणि पुढे जेवणावळी उठेपर्यंत त्याने हूं की चूं केलं नाही. लग्नाच्या व्हिडिओत माझ्या मुंडावळ्यांच्या वर मामांचे दोन पाय अजून दिसतात.

मामा मूळचे मालवणकडचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी गिरणीत माग दुरुस्त करण्यात घालवली. तिथल्या खडखडाटाने कान अधू झाले, म्हणून ते समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेतात आणि स्वतः मात्र सगळ्या मजल्याला समजेल असं बोलतात. सदऱ्याच्या खिशात खडूचा तुकडा कायम असतो. मागावर धागा तुटला की एक रेघ ओढायची आणि वेळ लिहायची, ही गिरणीतली सवय. गिरणी बंद पडली तेव्हा मामा पन्नाशीच्या आत होते. आज चौऱ्याहत्तरीत आहेत, पण रेघा थांबलेल्या नाहीत. मामी सांगायच्या की नव्या सुनेला शिंका येऊ लागल्या तेव्हा यांनी फ्रिजवर रेघा ओढून ठेवल्या होत्या. तिला कशाचा त्रास होतो ते चौथ्या दिवशी कळलं. तो मामांच्या तपकिरीचा होता.

आता माझ्याविषयी. मालवाहतुकीच्या एका कचेरीत सव्वीस वर्षं काढल्यावर त्रेपन्नाव्या वर्षी मला तिथून निरोप मिळाला. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत मी लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत बसू लागलो आणि अर्जांमागून अर्ज पाठवू लागलो. तीन महिन्यांनी एका ठिकाणाहून ऑनलाइन मुलाखतीचं बोलावणं आलं. "तुमची जमेची बाजू काय?" या प्रश्नावर मी तोंड उघडलं आणि नेमकं तेव्हाच वायफाय गेलं. पलीकडच्यांना पुढची काही मिनिटं माझा एक डोळा मिटलेला, जबडा वासलेला चेहरा बघत बसावं लागलं. माणसं भली होती. त्यांनी पुढच्या मंगळवारी सकाळी साडेदहाला पुन्हा वेळ दिली. पण पुन्हा असं झालं तर तिसऱ्यांदा कोण बोलावणार?

मग मी दुरुस्तीला लागलो. राउटर बंद करून चालू केला. लॅपटॉप बंद करून चालू केला. दोन्ही एकदम बंद करून, देवाला नमस्कार करून चालू केले. राउटरच्या दांड्या आधी उभ्या, मग आडव्या, मग एक उभी आणि एक आडवी केली. वरच्या मजल्यावरचा मुलगा आपलं वायफाय चोरतो असं ठरवून पासवर्ड बदलला आणि तो नवा पासवर्ड मीच विसरलो. दोन दिवस घरात कोणालाच काही मिळालं नाही. विसर्जनाला निघालेल्या गणपतीसारखा लॅपटॉप दोन्ही हातांत धरून मी घरभर फिरत असताना बायको म्हणाली, "अहो, पुरे झालं. मी मामांना बोलावते." मी हसलो. मागाच्या माणसाला वायफायमधलं काय कळणार? शनिवारी सकाळी मामा चेंबूरहून आले, चपला काढल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "धागो कधी तुटलो?"

"सारखा तुटतो, मामा."

"सारखा म्हंजे कधी? घड्याळात सारखा असा काय असता?"

मामांनी राउटर हातात घेतला तेव्हा तो आता उघडला जाणार असं मी धरून चाललो, पण त्यांनी तो फक्त उलटा करून पाहिला आणि होता तिथे, दारालगतच्या चपलांच्या मांडणीवर ठेवून दिला. "आदी मोजायचा, मग उघडायचा," ते म्हणाले. "आणि जावयबापू, तुमी एका येळेला एकच वस्तू हलवायची. तुमी दहा हलवल्यात, आता चोर कोण ता कसा कळतला?" मग मला लॅपटॉपसमोर बसवून त्यांनी आतल्या खोलीच्या दारावर खडूने "शनिवार" लिहिलं. कनेक्शन गेलं की मी हात वर करायचा आणि त्यांनी रेघ ओढायची. शनिवारी आणि रविवारीही तेच दिसलं. सकाळी रेघांची दाटी, दुपारी निम्म्या, संध्याकाळी एखाददुसरी. सकाळी सगळी मुंबई कामाला लागते, असं कारण मी दिलं. "रयवारी पण?" मामांनी विचारलं आणि मी चहा करायला उठलो.

सोमवारी सकाळपासून दारावर एकही रेघ नव्हती. आदल्या रात्री मी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये काहीतरी दाबलं होतं, त्याचा हा प्रताप असं मी बायकोला ऐकवलं आणि वर दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. त्या सकाळी आमच्या भागात पाणीकपात होती. सकाळचं पाणी संध्याकाळी पाचला आलं. बायकोने पिंपांत पाइप सोडला. साडेपाचपर्यंत दारावर सात रेघा झाल्या. मामा कॉटवरून उठले, बाहेरच्या खोलीतून आत येणाऱ्या चिंचोळ्या वाटेत उभे राहिले आणि तिथल्या दोन निळ्या प्लास्टिकच्या पिंपांवर त्यांनी हात ठेवला.

"पाणी इला," ते म्हणाले, "आणि धागो तुटूक लागलो."

ही पिंपं माझी. सोसायटीच्या टाकीची दुरुस्ती निघाली आणि एकवेळ पाणी येऊ लागलं तेव्हा मी ती मिरवत आणली होती. रोज सकाळी कालचं पाणी ओतून ताजं भरायचं, शिळं पाणी घरात राहू द्यायचं नाही, ही माझ्या आईची शिकवण मी इतकी इमानाने पाळतो की पाहुणे हसतात. वायफायच्या लहरी शोषणाऱ्या चारशे लिटर पाण्याची भिंत मी राउटरच्या नाकासमोर, माझ्या आणि त्याच्या बरोबर मध्ये, रोज सकाळी आपल्या हाताने उभी करत होतो. दिवसभरात वापरून पाणी उतरलं की भिंतही उतरायची. "आमच्या मागखात्यात हवेतली ओल कमी झाली की सूत तुटायचा," मामा खूश होऊन म्हणाले. "हंय उलटा!" राउटर वर ठेवावा तर त्याची वायर जेमतेम वीतभर, मी बाहेरच्या खोलीत बसावं तर जिन्यातला गलका. तेव्हा ठरलं की उद्या मुलाखत होईपर्यंत पिंपं भरायची नाहीत. बायकोने वापरता येईल तेवढं पाणी रात्रीच वापरून टाकलं. मामा आणखी एक रात्र मुक्कामाला राहिले.

मंगळवारी सव्वादहाला मी शर्ट आणि टाय चढवून, खाली हाफ पँट घालून लॅपटॉपसमोर बसलो आणि कनेक्शन गेलं. परत आलं, परत गेलं. बायको धावत पिंपांपाशी गेली. दोन्ही काठोकाठ भरलेली.

"कोणी भरली?" ती ओरडली.

मी भरली होती. सात वाजता नळ सुसू करायला लागला आणि मी अर्धवट झोपेत उठून, सवयीने, आदल्या दिवशीचं उरलंसुरलं ओतून ताजं पाणी लावलं होतं. शेंडी तुटो की पारंबी तुटो, पिंप भरलंच पाहिजे. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. मामांनी धोतर खोचलं आणि बादली उचलली. पाणी मोरीत ओतायला बायकोचा जीव होईना, तिने मजल्यावरच्या सगळ्या बेल वाजवल्या. "पाणी घ्या हो, पाणी घ्या!" शेजारणी बादल्या, पातेली, एक तर मुलाचा टब घेऊन आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांचे मामा बादलीमागून बादली काढत होते. मी उठलो तेव्हा त्यांनी मला खांद्याला धरून परत खुर्चीत बसवलं.

"बसा," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "गिरणी बंद झाली तेवा मी खूप ठिकाणी जाऊन इलंय. माका परत कोणी बोलावल्यान नाय. तुमका बोलावल्यानी हा. बसा."

साडेदहाला एक पिंप रिकामं होतं आणि दुसरं निम्मं. पडद्यावर तीन चेहरे आले आणि राहिले. मामा दाराशी पालथ्या बादलीवर बसले, चिंब धोतराने, हातात खडू घेऊन, माझ्या ओठांकडे बघत. "काम अडलं तर तुम्ही काय करता?" असं मला विचारण्यात आलं. पाठ केलेलं उत्तर आठवेना. मी खरं ते सांगितलं, "आजवर मी दहा गोष्टी एकदम हलवायचो. या आठवड्यात एका माणसाने मला आधी मोजायला शिकवलं." तिघं हसले, आणि मग काय मोजलं ते विचारू लागले.

नोकरी लागली. इंटरनेटवाल्याने वायर लांब करून दिली आणि राउटर कपाटावर गेला. पिंपं अजून तिथेच आहेत, रोज भरतात. मामांच्या गुडघ्यांना आता आमचे तीन जिने चढवत नाहीत. ते सकाळी फोन करतात, "धागो बरो आसा मां?" एवढंच विचारतात आणि मी काय उत्तर दिलं ते त्यांना ऐकू येत नाही. दिवाळीआधी रंगारी आले तेव्हा आतल्या खोलीचं दार मी तेवढं रंगवू दिलं नाही. त्यावर शनिवार आहे, रविवार आहे, सोमवार आहे, रेघाच रेघा. सगळ्यांत खाली मामांच्या अक्षरात "मंगळवार, साडेदहा" असं लिहिलेलं आहे, आणि त्याच्यापुढे एकही रेघ नाही.