तिसरी ओळ

भुईगावच्या बँडमध्ये फर्डिनंडने ट्रम्पेट वाजवण्यात उमर घालवली. लग्नात लोकांना नाचवायचा आणि मयत निघाली की घरापासून चर्चपर्यंत पुढे चालून भल्याभल्यांना रडवायचा. दात पडायला लागले तसं त्याने ट्रम्पेट माळ्यावर टाकलं आणि केळीच्या वाडीच्या मागे लागला. माणूस हट्टी, पण शब्दाचा पक्का. बायकोचं नाव बेटी; तरुणपणी तिला थट्टेत एक शब्द देऊन बसला होता: "तू आधी गेलीस तर तुझ्यापुढे मीच वाजवीन."

यंदा डॉक्टर म्हणाले, "बेटीबाईंना आता घरीच ठेवा, औषधाचा उपयोग नाही." फर्डिनंडने माळ्यावरून ट्रम्पेट उतरवलं.

दम काही पुरेना. त्याची मुलगी स्टेफी पोरांना गिटार शिकवते. तिने तोड काढली, "डॅडी, अख्खं गाणं एकदम नको. आठवड्याला एक ओळ ठरव. ती जमली की पुढची. मग कंटाळा येत नाय." गाणं कुठलं, हे त्याने तिला सांगितलं नाही. मयतीचंच होतं ते, चार ओळींचं.

वाडीतल्या पंपाच्या खोलीत तो दार लावून वाजवायचा. पहिली ओळ जमली, त्याच आठवड्यात बेटीचं चालणं सुटलं. दुसरी जमली आणि ती नुसत्या पेजेवर आली. असले योगायोग हसण्यावारी नेणारा माणूस फर्डिनंड, पण आता एकेका ओळीचा हिशेब मांडू लागला. चौथी ओळ जमल्यावर काय होणार, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. मग गड्याने शक्कल लढवली. तिसरी ओळ मुद्दाम चुकवायची. आठवडे गेले, बेटी पेजेवर टिकून राहिली. स्टेफीने विचारलं की "जमत नाय गं" म्हणून हा मोकळा. लाज वाटायची त्याला, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

एका सकाळी तो पेज भरवायला बसला, तर बेटीने वाटी बाजूला सारली. चर्चच्या गायनमंडळात जन्म गेलेली बाई ती, कान अजून शाबूत होते. वाडीतला वारा थेट तिच्या खाटेवर येतो, हे हा शहाणा विसरला होता.

"तिसऱ्या ओळीवर मुद्दाम अडकतो तू," ती म्हणाली. "मला कळत नाय काय? लय दुखते रे आता. घाई कर."

फर्डिनंड ढसाढसा रडला. मग ट्रम्पेट घेऊन तिच्या उशाशी बसला आणि फुंकलं. निदान रडण्याने तरी चुकेल, अशी त्याला आशा होती. ओळ स्वच्छ आली.

"आता चवथी," बेटी म्हणाली.