अढीची खोली

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. गावच्या सत्कारात पाहुणे म्हणाले, "पोर अंधारातून उजेडात आली." सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. आई समोरच बसली होती.

घरी येताच ती अढीच्या खोलीत शिरली आणि गवतात हात घालून पिकलेले आंबे वेगळे काढू लागली. मी मोबाइलचा टॉर्च लावला.

"बंद कर गं. डोळ्याला नुसता रंग दिसतो. पिकलाय का, ते हाताला कळतं."

अंधार म्हणजे अज्ञान, असं लिहून मीही निबंधात मार्क मिळवलेत. पण आंब्याला गोडी येते ती याच काळोखात. पुन्हा कुणी तसं बोललं, तर मी माइक मागून घेणार. म्हणणार, साहेब, मी अंधारातून सुटून आलेली नाही. तिथल्या जाणत्या हातांनी मला पिकवलंय.