लगद्याच्या भिंती

जुन्नरात आमच्या घरी हातकागद बनायचा. स्वातंत्र्याला काही वर्षं झाली होती आणि गिरणीच्या कागदानं आमचा धंदा पार बसवला होता. अब्बांचा मात्र लगद्यावरचा विश्वास तसूभरही हलला नव्हता. फुटकी पाटी असो की भोक पडलेलं सूप, इलाज एकच: लगदा थापा.

पुण्याहून त्यांनी जुना ग्रामोफोन आणला तो अम्मासाठी. तिला गाण्याचा भारी सोस. तो ठेवला कागद वाळवायच्या खोलीत. ओले कागद चिकटवायचे म्हणून तिथल्या भिंती चुन्यानं घोटून गुळगुळीत केलेल्या. तबकडी लागली की आवाज असा घुमायचा की शब्दावर शब्द चढायचा.

अम्मा कान पुढे करून म्हणायची, "गाणं वाजतंय, पण बोल काय समजत न्हाईत."

अब्बा इरेला पेटले. आधी बेल्ह्याच्या बाजारातून घोंगड्या आणून टांगल्या. थोडा फरक पडला. मग चिंध्या आणि तागाचा जाडाभरडा लगदा करून त्यांनी चारी भिंतींना थापला, वर बोटांनी खळगे पाडले. वाळल्यावर त्या खोलीत टाळी वाजवली तर जागीच विरायची. गाणं इतकं स्वच्छ येऊ लागलं की गवयाचा श्वाससुद्धा कळावा. आळीतले लोक बघायला, म्हणजे ऐकायला, येऊन गेले.

"आता कसं?" अब्बांनी ऐटीत विचारलं.

अम्मा तोंडभर हसली. "आता लई ग्वाड येतंय."

पुढे तिला त्या खोलीत हाक मारली तरी ती वळेना. आम्ही मुलं थट्टा करायचो, "अम्मा गाण्यात बुडाली!" शेवटी अब्बा तिला दवाखान्यात घेऊन गेले. तिथं कळलं, तिचे कान कधीपासूनच जात चालले होते. घरी आल्यावर ती हळूच म्हणाली, "आधी घुमायचं तवा निदान आवाज तरी येत व्हता. तुमी एवढं राबला, कसं सांगू?"

आम्ही भिंतींना औषध लावत बसलो, तिच्या कानांकडे कुणी पाहिलंच नाही. ही हळहळ माझ्या मनातून अजून जात नाही.

अब्बांनी त्याच दुपारी खुरपं घेऊन लगदा खरवडला. पण त्यांचं काम पक्कं, लगद्याबरोबर गुळगुळीत चुनाही सोलून निघाला आणि खालची खडबडीत माती उघडी पडली. खोली पुन्हा कधी घुमली नाही. तरी ते रोज तबकडी लावत. अम्मा ग्रामोफोनच्या पेटीवर तळवा ठेवून बसायची आणि विचारायची, "लावली का?"